हायकू, टेकडी आणि खिडकीतला शेवगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण पुण्यात वेताळ टेकडीवर जातो, तासभर कुणाशी काही न बोलता इकडेतिकडे बसतो, मग तीन-तीन ओळी लिहितो, एकमेकांना वाचून दाखवतो आणि खाली येऊन पोहे खातो. बस, एवढंच. पण नवीन माणूस आला की तेच प्रश्न, व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न, नात्यातल्या लग्नात भेटलेल्या काकू पण तेच विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. मी कवयित्री वगैरे अजिबात नाही हं, अकाउंट्समध्ये नोकरी करते, त्यामुळे साहित्यिक उत्तरांची अपेक्षा ठेवू नका.

हायकू म्हणजे नक्की काय?

तीन छोट्या ओळी आणि त्यात एक क्षण. समोर जे घडलं ते. मूळ जपानी. तिकडे पूर्वी चार लोक जमून एकापुढे एक कडी जोडत लांबलचक कविता करायचे, तिची पहिली कडी म्हणजे होक्कु, आणि ही पहिली कडीच पुढे स्वतःच्या पायावर उभी राहिली. मात्सुओ बाशो (१६४४ ते १६९४) हा यातला सगळ्यात मोठा माणूस. बाशो म्हणजे केळीचं झाड, त्याच्या झोपडीबाहेर एका शिष्यानं केळ लावून दिली आणि तेच याचं नाव पडलं, मला हे भारी आवडतं, आपल्याकडे नाही का वडाखालचे काका, पिंपळाजवळच्या मावशी. 'हायकू' हा शब्द मात्र खूप नंतरचा, १९व्या शतकाच्या शेवटी मासाओका शिकी यानं तो रूढ केला. या शिकीबद्दल खाली बरंच येणार आहे.

मराठीत हायकू आणला आणि रुजवला शिरीष पै यांनी. आचार्य अत्र्यांची मुलगी. आज मराठीत जो कोणी तीन ओळी लिहितो तो त्यांचं देणं लागतो.

५-७-५ पाळायचंच का? जोडाक्षर एक धरायचं की दोन?

हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच येतो. (५-७-५ म्हणजे पहिल्या ओळीत पाच, दुसरीत सात, तिसरीत पाच अक्षरं, मिळून सतरा.) जोडाक्षर एक. पण थांबा, मुळात जपानी लोक जे सतरा मोजतात ती आपली अक्षरं नव्हेतच. त्यांच्यात लांब स्वर दोन धरतात, नुसता 'न्' सुद्धा वेगळा मोजतात. आपण 'तोक्यो' म्हणतो तेव्हा अक्षरं दोन, त्यांच्या हिशोबानं तो-ओ-क्यो-ओ असे चार होतात. म्हणजे खरं तर आपल्या शाळेतल्या मात्रांच्या जवळचं प्रकरण आहे, लघु एक, गुरू दोन, आठवतंय का ते? त्यामुळे मराठीत सतरा अक्षरं भरायची म्हटलं की जपानीपेक्षा बराच जास्त ऐवज त्यात मावतो आणि माणूस उगाच 'हा', 'तो', 'सुंदर' असलं काहीतरी कोंबत बसतो.

शिरीष पै यांनी सुद्धा मोजणीपेक्षा तीन ओळींच्या घाटावर भर दिला आणि बरेचदा दोन ओळींत यमक ठेवलं, त्यामुळे ते मराठी कानाला आपलं वाटतं. माझं मत विचाराल तर सुरुवातीचे दोन महिने मोजूच नका. नंतर मोजायची हौस आली तर मोजा, बोटं आहेतच.

हायकू आणि चारोळी यात फरक काय? एक ओळ कमी एवढाच?

नाही हो. चारोळीत शेवटी एक टाळी घेणारी ओळ येते, काहीतरी म्हणायचं असतं. हायकूत काही म्हणायचंच नसतं, फक्त दाखवायचं असतं. मी पहिल्यांदा लिहिलेला 'हायकू' असा होता:

मन माझे उदास
आभाळ भरून आले
जीवनाचा प्रवास

हसा, हसा. यात आभाळ मी बघितलं सुद्धा नव्हतं, ट्यूबलाइटखाली बसून लिहिलंय. ग्रुपमधल्या एका आजोबांनी फक्त एवढंच विचारलं, "पोरी, आभाळ भरून आलं तेव्हा तू काय करत होतीस?" म्हटलं गॅलरीतले कपडे काढत होते. "मग ते लिही की." मग हे झालं:

भरून आलं
दोरीवरचा टॉवेल
काढायचा राहिलाय

उदास वगैरे शब्द कुठे नाही. पण ज्यांना मी हे वाचून दाखवलं त्यांनी विचारलं, काय गं, बरी आहेस ना.

पण याने मनाला शांत कसं वाटतं? नुसतं पक्षी बघून टेन्शन जातं का?

टेन्शन जात नाही. हे आधीच सांगते, नाहीतर लोक तीन रविवार येतात आणि म्हणतात आमचा ईएमआय तर तेवढाच आहे.

माझं सांगते. वडिलांना, म्हणजे अण्णांना, स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. दोन वर्षं घर, ऑफिस, फिजिओ, डायपर, औषधांचं टाइमटेबल यात गेली आणि माझं डोकं म्हणजे मिक्सर झालेला, रात्री तीनला पण चालूच, हे राहिलं ते राहिलं, आपण चिडलो सकाळी त्यांच्यावर, कसं बोललो आपण असं. डायरी लिहून बघितली, तर डायरीत तोच मिक्सर परत, फक्त आता शाईत. काही लोकांना डायरीचा खरंच उपयोग होतो, मला झाला नाही.

हायकूत गंमत ही की एक नियम असतो, भावनेचं नाव घ्यायचं नाही. दुःख, उदास, एकटेपण, आनंद, सगळे शब्द बंद. मग काय उरतं? शेवग्याच्या फांदीवर शिंजीर आलाय, चोच वाकडी आहे, एका जागी पाच सेकंद पण थांबत नाही, तर तो बघायला आपल्याला स्वतःमधून बाहेर यावंच लागतं. दहा मिनिटं का होईना, मी सोडून दुसरं कोणीतरी जगात आहे आणि ते आपलं आपलं काम करतंय. मग परत आत आलं तर औषधं तिथेच, अण्णा तिथेच, पण मी जरा वेगळ्या दारानं आत आलेली असते. एवढाच काय तो फरक आहे आणि माझ्यासाठी तो पुष्कळ होता.

औषधाची वेळ
शेवग्यावर शिंजीर
माझ्याआधी हजर

आणि हो, शांत वाटायला म्हणून बघायला बसलात तर वाटणार नाही. दर दोन मिनिटांनी 'वाटतंय का, वाटतंय का' चेक करत बसाल. पक्ष्यासाठी बसा.

म्हणजे हे मेडिटेशनच झालं ना?

काहीजण म्हणतात. मला डोळे मिटून बसलं की झोप येते किंवा भाजीची यादी आठवते. इथे डोळे उघडे ठेवायचे असतात, माझ्यासारखीला हे सोपं.

शहरात निसर्ग कुठून आणायचा? आमच्याकडे टेकडी नाही.

टेकडी ही चैन आहे, मान्य. पण हायकूला ताडोबा लागत नाही. भांडुपच्या चाळीत राहणारी एक मैत्रीण आहे, तिची पूर्ण वही पावसाळ्यात गटाराच्या कडेला उगवणाऱ्या गोष्टींवर आहे, आणि आमच्या सगळ्यांच्या वह्यांत तीच बेस्ट आहे. बिल्डिंगच्या एसीवर बसणारे पारवे, संध्याकाळी पर्जन्यवृक्षाची पानं मिटतात ते, पार्किंगमधली मुंग्यांची रांग, उन्हाळ्यात भर दुपारी कुठूनतरी टुक् टुक् टुक् करणारा तांबट (दिसत नाही मेला, पण थांबत पण नाही). माझा एक जिन्यातला:

लिफ्ट बंद
चौथ्या मजल्याच्या वळणावर
पारव्याची अंडी

एक जागा धरा आणि तीच रोज बघा. रोज नवीन स्पॉट शोधलात तर ते टुरिझम झालं. एकच झाड वर्षभर बघितलं की ते किती वेळा बदलतं हे कळतं. आमच्या टेकडीवर उंदीरमारीची (ग्लिरिसिडिया हो) एवढी झाडं लावून ठेवलीत की नवीन लोकांना वाटतं सगळं एकच जंगल आहे, पण त्यात मधेच एखादी मोई असते, उन्हाळ्यात पार निष्पर्ण, मेली की काय वाटावं अशी, आणि पाऊस पडला की बघा तिला.

मी घराबाहेर पडूच शकत नाही. आजारी आहे / घरी आजारी माणूस आहे. मग?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, म्हणून इथे जरा जास्त लिहिणार आहे.

वर ज्या शिकीचं नाव घेतलं ना, त्याला क्षयरोग होता आणि तो मणक्यात उतरला होता. शेवटची काही वर्षं तो अंथरुणातच, कुशीवर वळायचं तरी असह्य दुखायचं. तोक्योमधलं छोटंसं घर, आणि अंथरुणातून दिसणारी छोटीशी बाग, एवढंच त्याचं जग. १९०० साली त्यानं कोंबड्याच्या फुलांवर एक हायकू केला, आपल्याकडे बागेत लाल तुऱ्याचा कोंबडा असतो तोच, आणि त्यात काय म्हटलंय तर ती फुलं चौदा-पंधरा तरी असतील, बस. लोक त्यावर वाद घालत बसले की ही काय कविता आहे का. पण झोपून राहिलेल्या माणसाजवळ दोन महिने बसून बघा म्हणजे ते चौदा-पंधरा काय आहे ते कळेल. ज्याला उठून जवळ जाता येत नाही तोच अशी लांबून, अंदाजे मोजतो.

मे १९०२ पासून तो वर्तमानपत्रात रोजचं सदर द्यायचा, शीर्षकाचा अर्थ साधारण 'सहा फुटांचं अंथरूण', आणि मरणाच्या दोन दिवस आधीपर्यंत ते छापून येत होतं. स्वतःच्या किंकाळ्यांबद्दल लिहिलंय, खाण्याबद्दल लिहिलंय (खायला भारी हौशी होता), चिडचिडीबद्दल लिहिलंय. संत वगैरे नव्हता. बागेत घोसाळ्याचा वेल होता, त्याचं पाणी खोकल्यावर औषध म्हणून घ्यायचे, आणि १८ सप्टेंबर १९०२ला त्यानं जे शेवटचे तीन हायकू लिहिले ते तिन्ही त्या घोसाळ्यावर. त्याच रात्री गेला. वय ३४.

तेव्हा खिडकी असेल तर खिडकी, नसेल तर दाराची फट, ती पण नसेल तर आवाज. तुम्हाला शास्त्रीय काहीतरी हवं असेल तर १९८४ साली रॉजर उलरिच यांचा एक अभ्यास आला होता, अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलातल्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटांचा, ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. पेशंट फक्त ४६ होते, तेव्हा याचा फार मोठा झेंडा करू नका. पण मी तेव्हा अण्णांचा पलंग फिरवून खिडकीकडे केला होता, एवढं खरं.

कीगो म्हणजे काय? मराठीत ते जमतं का?

कीगो म्हणजे ऋतू सांगणारा शब्द. जपानी हायकूत तो असतोच, आणि असे शब्द ऋतूनुसार लावलेले त्यांचे जाडजूड कोश असतात. बेडूक म्हटलं की वसंत, पूर्ण चंद्र म्हटला की शरद. आता आपल्याकडे बेडूक म्हणजे काय वसंत नव्हे, बेडूक म्हणजे आषाढ! म्हणून त्यांचे शब्द उचलू नका, चेरीचा बहर, मेपलची पानं हे पुण्यात बसून लिहिलेलं मला तरी झेपत नाही.

आणि आपल्याकडे काय कमी आहे का. नुसत्या पावसाला बघा: वळीव, शिरवं, भुरभुर, रिपरिप, झड, संततधार. ऊन असताना पाऊस आला की कोल्ह्याचं लग्न. नक्षत्रं तर विचारूच नका, रोहिणी, मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, हे शेतकऱ्यांनी दिलेलं नाव आहे आणि यापेक्षा चांगला कीगो कुणी करून दाखवावा. स्वाती पडल्या तर माणिकमोती. अण्णा पाटबंधारे खात्यात होते, त्यांना आम्ही आर्द्रा म्हटलं की धरणात किती पाणी हेच आठवायचं, तो पण एक कीगोच म्हणा.

झाडांचं पण तसंच. पाडव्याच्या आसपास कडुनिंबाचा मोहर, एप्रिल-मेमध्ये बहावा, गौरींना तेरडा, दिवाळीच्या आगेमागे संध्याकाळी सातवीणीचा तो डोकं चढवणारा वास. पक्ष्यांत पावशा 'पेरते व्हा' म्हणायला लागला, चातक दिसला, की पाऊस जवळ. धोबी आला की थंडी. तुमची स्वतःची यादी करा, त्यात 'माठ काढला', 'पंखा पुसला', 'दहावीचा निकाल' असलं पण चालतं.

मृग लागला
रेनकोटच्या खिशात
गेल्या वर्षीचं तिकीट

पक्ष्यांची, झाडांची नावंच माहीत नाहीत.

येतील हळूहळू. मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, आवाज ऐकून पक्षी सांगतं, चांगलं आहे. पण माझं एक म्हणणं आहे की आधी दहा मिनिटं बघा आणि मग ॲप काढा, कारण नाव कळलं की आपण बघायचं थांबतो, 'हां, बुलबुल' म्हटलं की संपलं. आमच्यातल्या एकानं वर्षभर एका पक्ष्याला 'शेपटी उडवणारा' असंच लिहिलं. नंतर कळलं तो नाचण. नाव कळल्यावर हिरमुसला बिचारा.

एवढं मोठं दुःख असताना फुलं-पक्षी लिहिणं खोटं, पळपुटेपणाचं वाटत नाही का?

वाटतं. मला पण वाटलं होतं, अण्णा तिकडे पडलेत आणि मी शिंजीर कसली बघतीये.

यावर जपानी हायकूकवी कोबायाशी इस्सा आठवतो (१७६३ ते १८२८). तीन वर्षांचा असताना आई गेली. उतारवयात लग्न झालं, मुलं झाली आणि एकेक करून गेली, लाडकी मुलगी १८१९ साली देवीच्या रोगानं गेली, जेमतेम वर्षाची होती. नंतर बायको पण गेली. शेवटी गावाला आग लागून घर जळालं आणि तो उरलेल्या कोठारात राहायला लागला, तिथेच वारला. आणि या माणसाच्या कविता कशावर, तर माशी, पिसू, गोगलगाय, बेडूक, चिमणीची पिल्लं. मुलगी गेल्यावर त्यानं जो हायकू केला तो दवावर आहे: हे जग दवाचं आहे हे कबूल, आणि तरीही, तरीही... असा काहीसा. त्याचा धर्म त्याला सांगत होता की सगळं क्षणभंगुर आहे, सोडून दे. त्यानं ते खरं मानलं आणि तरी त्याला सोडता आलं नाही, आणि हे दोन्ही त्यानं लपवलं नाही. याला पळपुटेपणा म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

रोज किती वेळ द्यायचा? कधी?

दहा मिनिटं. चहा गार होईपर्यंत. वेळ कुठलीही, पण रोज तीच असेल तर बरं, कारण पक्षी वेळेचे पक्के असतात. एखादा दिवस, आठवडा, महिना चुकला तर चुकला, स्ट्रीक वगैरे ठेवू नका, ते ॲपवाल्यांचे धंदे आहेत.

वही की मोबाईल? फोटो काढला तर चालेल?

मोबाईलवर लिहिलं तरी आभाळ कोसळत नाही, पण मोबाईल हातात आला की ऑफिसचा मेसेज पण हातात येतो. दहा रुपयांची छोटी वही बरी. फोटो नंतर काढा. फोटो काढला की डोळ्याला वाटतं आपलं काम झालं.

बघते मी, पण काही सुचतच नाही.

मग लिहू नका. खरंच. नुसत्या नोंदी करा: 'मंगळवार. ढगाळ. कावळा काडी घेऊन गेला. परत आला. काडी पडली.' शिकी याला प्रत्यक्षावरून चित्र काढणं म्हणायचा. त्यातली कुठली तरी ओळ आठ दिवसांनी परत वाचताना हायकू होऊन बसलेली असते. नाही झाली तरी कावळ्याची काडी पडली ती तुम्ही बघितलीत की.

एआयकडून लिहून घेतला तर?

जिमला ड्रायव्हर पाठवण्यासारखं आहे ते.

मी न्यू जर्सीत आहे, इथे कुठला मृग?

तिथलंच लिहा ना. नोव्हेंबरात पाचलाच अंधारून येतं, पहिला बर्फ पडल्यावर रस्त्यावर मीठ टाकतात, कॅनडा गीजचे थवे पार्किंगवरून जातात, हे सगळं मराठीत अजून कितीसं लिहिलं गेलंय? आमच्या ग्रुपमधून तिकडे गेलेली एक मुलगी आधी सहा महिने फक्त आठवणीतला प्राजक्त लिहीत होती आणि रडत होती. मग एकदा तिनं लिहिलं की बर्फात कुकरची शिट्टी लांबपर्यंत ऐकू जाते. तेव्हा आम्हाला कळलं की ती तिथे पोचली.

मुलांबरोबर करता येईल का?

येतं. फक्त त्यांना हायकू म्हणू नका, 'आज काय दिसलं ते तीन ओळीत' म्हणा. सहा-सात वर्षांची पोरं आपल्यापेक्षा चांगलं लिहितात, चीड येते.

मला डिप्रेशन आहे, गोळ्या चालू आहेत. गोळ्या सोडून हे करू का?

नाही! हे औषध नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, त्या चालू ठेवून टेकडीवर या. आणि झोप उडालीये, जगावंसं वाटत नाही, असं काही असेल तर हायकूचा विचार नंतर, आधी १४४१६ ला फोन करा, सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी स्वतः काउन्सेलरकडे जात होते, शिंजीर बघत होते तेव्हाच. दोन्ही चालू होतं.

लिहिलेलं लोकांना दाखवावं का?

दोन-चार जणांना दाखवा. मुळात हा प्रकारच जमून करायचा होता. आमच्याकडे एकच नियम आहे, ऐकणाऱ्यानं 'वा' म्हणायचं नाही, फक्त त्याला काय दिसलं ते सांगायचं. गंमत होते, मी दोरीवरचा टॉवेल लिहिला तर एकाला त्यात गेलेल्या बायकोचा गाउन दिसला. मी काय बोलणार. इन्स्टावर टाकायचं असेल तर टाका, पण मग लाइक मोजायला लागाल, आणि मोजायचीच असतील तर कोंबड्याची फुलं बरी.

तुमच्या वहीतला तुमचा सगळ्यात आवडता कुठला?

तो माझा नाहीये. स्ट्रोकनंतर अण्णांना वाक्य जुळवता यायचं नाही, एखादा शब्द यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. श्रावणातली सकाळ होती, मी वही घेऊन त्यांच्या पलंगाशी बसले होते आणि ते खिडकीकडे बघत म्हणाले, "कावळा." मी बघितलं, होता, शेवग्यावर. मी 'हो' म्हटलं. चहा देऊन झाला, तोंड पुसून झालं, तेव्हा म्हणाले, "ओला." आणि मी आंघोळीचं पाणी काढायला उठले तेव्हा म्हणाले, "गप." मला आधी वाटलं मलाच गप बस म्हणतायत. मग लक्षात आलं. मी लिहून घेतलं आणि जरा बरं दिसावं म्हणून पहिल्या ओळीत 'फांदीवर' घालून त्यांना वाचून दाखवलं, तर डाव्या हातानं त्यांनी वहीवर टकटक केलं आणि मान हलवली, नको. फांदीवर खोडलं.

कावळा
ओला
गप